बायकांच्या मशीनमध्ये दादाचा पाय

वहिनींचा फोन आला तेव्हा मी दूध गॅसवर ठेवून समोर उभी होते. "शकू, हे गेले गं," त्या म्हणाल्या, आणि माझ्या तोंडून शब्द निघायच्या आत त्यांनी पुढचं सांगून टाकलं, "पण पडले-बिडले नाहीत हं. खुर्चीत बसल्या बसल्याच गेले." दुसऱ्या कुणाला हे ऐकून वाटलं असतं, की दुःखाने बाईंचं भान सुटलंय. मला तसं वाटलं नाही. दादाने शेवटची सात-आठ वर्षं ज्या एका गोष्टीसाठी जिवाचा आटापिटा केला होता, ती त्याने साधली, एवढंच त्या मला सांगत होत्या. माणूस गेल्याची बातमी आणि त्याचा निकाल, दोन्ही एकाच श्वासात... दूध उतू गेलं. मी गॅस बंद केला, तिथेच खाली बसले, आणि खरं सांगते, आधी मला हसू आलं. रडू नंतर आलं, ऑटोत, टॉवर चौकाजवळ पोह्यांचा वास आल्यावर.

या गोष्टीला आता महिना होऊन गेला. भेटायला आलेल्यांनी दादाबद्दल पुष्कळ चांगलं सांगितलं. परोपकारी होता, हसतमुख होता, कुणाला कधी नाही म्हणाला नाही. सगळं खरं आहे. पण ज्या गोष्टीमुळे तो माझ्या मनात घट्ट बसलाय, ती कुणी काढली नाही, कारण गेलेल्या माणसाच्या हाडांविषयी बोलणं बरं दिसत नाही. म्हणून मीच लिहिते.

दादा म्हणजे मुकुंद, माझा थोरला भाऊ. आमचे वडील रेल्वेच्या नोकरीत खानदेशातून उज्जैनला आले आणि इथलेच झाले. आमची मराठीही इथलीच झाली. पुण्याचे पाहुणे आले की आमच्या बोलण्यातले हिंदी शब्द टिपत बसायचे, आणि दादा मुद्दाम त्यात आणखी चार घालून त्यांना ऐकवायचा. तो टेलिफोन खात्यात होता. तरुणपणी आपण शिडी न लावता खांबावर चढायचो असं तो सांगायचा, आणि ते बघायला लोक जमायचे हेही तोच सांगायचा. फोनसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागे, त्या काळात माधवनगरात दादाला जो मान होता तो कुणा साहेबालाही नसेल. लग्नाची पत्रिका आधी देवाला आणि मग दादाला. मग दोन सिंहस्थांच्या मधली ती वर्षं आली आणि सगळंच खुलं झालं. चौकाचौकात एसटीडीचे बूथ, घराघरात केबल, आणि फोन तर मागितला की हजर. देशाचं भलं झालं असेल, पण दादाच्या पत्रिका कमी झाल्या. तो रिटायर झाला तेव्हा त्याला हार घालायला आलेल्या साहेबाच्या खिशात मोबाइल वाजला, आणि दादाच्या भाषणाच्या मधोमध साहेब बोलायला बाहेर निघून गेला. दादा ते पुढे कितीतरी दिवस विसरला नाही.

मान गेला तरी तब्येत होती. निदान आम्हा सगळ्यांना तसं वाटायचं. त्याला पन्नाशीच्या आसपास दमा लागला. त्यात तो आधी अगदी वाळून गेला होता, जिना चढताना मधेच थांबून भिंतीवरचं कॅलेंडर वाचल्यासारखं करायचा. मग कुणीतरी त्याला देवासच्या पलीकडच्या एका गावातल्या वैद्यजींचा पत्ता दिला. वैद्यजी पुडी द्यायचे. पांढरट भुकटी, सकाळी मधातून घ्यायची. पुडी सुरू झाली आणि पंधरवड्यात दमा पळाला. भूक अशी लागायला लागली की टॉवर चौकातला पोहेवाला दादाला लांबून पाहताच दुसरी प्लेट भरायला घ्यायचा. वर्षभरात गाल भरले, चेहरा गोल गरगरीत झाला, पोट पुढे आलं. आमच्याकडे तब्येत चेहऱ्यावरून जोखतात. जो भेटेल तो म्हणायचा, मुकुंदराव, एकदम हेल्थ बनवली तुम्ही. हातपाय मात्र बारीक होत चालले होते, दंडावर जरा काही लागलं की जांभळे डाग उठत होते, पण त्याच्या गालांवरून नजर खाली उतरवायची सवड कुणालाच नव्हती. मलाही नव्हती.

दादाला एखादी गोष्ट मानवली की तो ती एकट्याने खात नसे. शेजारी तिवारीजी राहायचे, हिंदीचे निवृत्त मास्तर. त्यांनाही दमा. दादाने त्यांना आधी एक पुडी खाऊ घातली, आणि मग स्वतःच्या आणायला जाई तेव्हा त्यांच्याही आणू लागला. त्यांचेही गाल भरले. संध्याकाळी दोघं ओट्यावर बसले की सख्खे भाऊ वाटायचे. मधे एकदा तिवारीजी दारातल्या पायपुसण्याला अडखळले आणि त्यांचं मनगट मोडलं. एवढ्याशा अडखळण्याने कसं मोडलं याचं सगळ्यांना नवल वाटलं. दादा त्यांना बघायला गेला तो हातात पुडीचा नवा डबा घेऊन, अंगात ताकद यावी म्हणून.

त्या सुखाच्या दिवसांत दादाचं एकाच माणसाशी पटत नव्हतं, तो म्हणजे फ्रीगंजमधला त्याचा शिंपी. दादा त्याला मास्टर म्हणायचा. मास्टर नेहमीच्या मापाने पँट शिवायचा आणि ती दादाला लांब व्हायची. दादा भांडायला जायचा, मास्टर मुकाट्याने तळाशी दुमडून द्यायचा, पुढची पँट पुन्हा लांब. दादाचं म्हणणं, हल्लीच्या नव्या कापडात काहीतरी गडबड आहे, धुतल्यावर आटायच्या ऐवजी वाढतं. तसंच त्याचं आरशाशीही वाजलं होतं. घर बांधलं तेव्हा त्याने स्वतः आपल्या उंचीने आरसा लावला होता, आणि आता दाढी करताना त्याला त्यात हनुवटी दिसत नसे. खिळा वर सरकला असं तो म्हणायचा. भिंतीतला खिळा वर कसा सरकेल, असं वहिनींनी एकदा विचारलं, तर म्हणाला, बिल्डिंग बसते तेव्हा सरकतो.

त्याच सुमाराला आमच्या महिला मंडळात हाडांच्या तपासणीचं शिबिर घ्यायचं ठरलं. मी मंडळाची सचिव. तेव्हा अशा फुकट तपासण्यांची लाटच आली होती, आज शुगर, उद्या डोळे. एका औषध कंपनीचे टायवाले गृहस्थ येऊन सांगून गेले, की पाळी गेल्यावर बायकांची हाडं आतल्या आत विरळ होत जातात. दुखत नाहीत, खुपत नाहीत, काही कळत नाही, आणि मग एक दिवस बाथरूममध्ये पाय घसरतो आणि खुब्याचं हाड मोडतं. त्याच्या आधीच कळलं तर गोळ्यांनी, चालण्याने, उन्हाने ती झीज थांबवता येते. त्यांच्याकडे सुटकेसएवढं मशीन होतं, त्यात टाच ठेवायची, की मशीन हाडाचा घट्टपणा सांगणार. हिरवा दिवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सावध राहा, लाल म्हणजे मोठ्या डॉक्टरांकडे जा. आम्ही मंडळाचा हॉल उघडून दिला, बायका जमल्या, आणि मशीनची पिन आमच्या भिंतीतल्या सॉकेटमध्ये जाईना. मी दादाला बोलावणं पाठवलं. दादा आपला जुना पेचकसांचा, म्हणजे स्क्रूड्रायव्हरांचा, डबा आणि लांब वायरचा बोर्ड घेऊन आला. बायकांनी भरलेल्या हॉलमध्ये तो एकटा पुरुष, आणि त्याच्यावाचून सगळं अडलेलं. कितीतरी दिवसांनी त्याचा चेहरा खुलला होता.

मशीन चालू झालं, पण पहिली टाच कुणी देईना. कुणाला भेगांची लाज वाटत होती, कुणाला वाटत होतं की करंट लागेल, आणि जिची सून शेजारी बसली होती तिला आपलं हाड सुनेसमोर उघडं पडायला नको होतं. टायवाले गृहस्थ हसतहसत सगळ्यांकडे बघत राहिले. शेवटी दादा म्हणाला, अहो, हे काय इंजेक्शन आहे का, बघा, मी ठेवतो. त्याने चप्पल काढली, लेंग्याचा पाय गुडघ्यापर्यंत ओढला आणि खांबावर पाय ठेवावा तसा पाय मशीनमध्ये ठेवला. मशीन थोडा वेळ घुमलं. दिवा लाल लागला.

टायवाल्या गृहस्थांनी मशीनला हलकेच एक चापट मारली. पुन्हा टाच पुसली, पुन्हा ती गार जेली लावली, पुन्हा लाल. दादा हॉलकडे बघून म्हणाला, की वायरिंगमध्ये गडबड आहे. म्हणून मग वहिनींना बसवलं. आमच्या वहिनी म्हणजे काडी. जोराचं वारं सुटलं की आम्ही त्यांना गच्चीवर पाठवत नसू. त्यांनी पाय ठेवला आणि हिरवा दिवा लागला. आता तर कुणालाच शंका उरली नाही. मुकुंदराव लाल आणि सुमनताई हिरव्या, म्हणजे मशीन खराब, असं सगळ्या हॉलने एकमताने ठरवलं. गंमत म्हणजे त्यामुळे सगळ्यांची भीती मोडली, आणि खराब मशीनमध्ये पाय घालायला रांग लागली. मी पिवळी निघाले. कुणाची सासू हिरवी आणि सून पिवळी निघाली, त्यावरून पुढे कितीतरी दिवस त्या घरात भाज्या कमी-जास्त तिखट होत राहिल्या.

शिबिराला एक डॉक्टरबाई आल्या होत्या, वयाने अगदी लहान. त्या मशीनकडे बघतच नव्हत्या. त्या दादाच्या दंडावरचे डाग बघत होत्या, मग चेहरा, मग पुन्हा डाग. त्यांनी त्याला बाजूला बोलावून विचारलं, "अंकल, कोई दवाई चलती है?"

"नहीं जी," दादा म्हणाला. "सिर्फ़ पुड़िया."

त्यांनी त्याला इंदूरला जाऊन मोठ्या मशीनवर तपासून घ्यायला सांगितलं आणि जाताना ती पुडी बरोबर न्या असंही सांगितलं. दादाने मान डोलावली आणि घरी येऊन जाहीर केलं, की तो काही जाणार नाही. हा बायकांचा रोग, मशीन बायकांचं, आणि डॉक्टरीण शाळेतली वाटते. मी दोन-तीन वेळा समजवायला गेले. तो दर वेळी विषय टेलिफोनवर नेऊन टाकायचा.

त्याला वळवलं ते वहिनींनी. मी त्या दिवशी तिथेच होते. दादा नवी पँट घालून बाहेर आला, तिचे पाय फरशीवर लोळत होते, आणि तो मास्टरशी भांडायला निघाला होता. वहिनी तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "मास्टरने पँट लांब नाही केली. तुम्हीच आखूड झालात."

दादा दारात थांबला. मग आत जाऊन आरशासमोर उभा राहिला. बाहेर आला तेव्हा त्याने मला फक्त एवढंच विचारलं, की इंदूरची बस किती वाजता असते.

इंदूरला आम्ही तिघं गेलो. तिथे खरंच मोठं मशीन होतं, पलंगावर निजायचं आणि वरून एक दांडा सावकाश फिरत जायचा. दादाला त्या आधी अंगावरचं सगळं धातूचं काढायला सांगितलं. त्याच्या खिशांतून इतके पेचकस, चिमटे आणि खिळे निघाले, की तिथल्या माणसाने वहिनींकडे पाहिलं आणि वहिनींनी दुसरीकडे. मग आम्ही डॉक्टरांसमोर बसलो. ते वयस्क होते, शांत होते. पाठीची आणि खुब्याची हाडं वयाच्या मानाने फारच विरळ झालीत, म्हणाले, आणि पाठीचा एखादा मणका आधीच दबलाय, म्हणून उंची कमी झाली. दादाला आठवलं, की मागे कूलर सरकवताना पाठीत कळ आली होती आणि गॅस समजून त्याने ओवा खाल्ला होता. डॉक्टरांनी पुडी मागितली. दादाने खिशातून मोठ्या प्रेमाने एक काढून दिली, आणि म्हणाला, साहेब, राहू द्या तुमच्याकडे, कुणाच्या कामी येईल. डॉक्टरांनी ती उघडली, बोटावर घेऊन बघितली आणि बाजूला ठेवली. ते म्हणाले, तपासायला पाठवतो, पण अशा पुड्या मी पुष्कळ पाहिल्यात, यात बहुधा स्टेरॉइडच्या गोळ्या कुटून घातल्या असतील. त्याने दमा दबतो, भूक वाढते, आणि वर्षानुवर्षं घेतलं की हाडं पोखरली जातात. एकदम बंद करायची नाही, त्यानेही जिवाला धोका असतो, माझ्या देखरेखीखाली हळूहळू कमी करू. दम्यासाठी नीट औषध देऊ.

दादा सगळं ऐकून घेत होता. मग त्याने विचारलं, "और ये गाल?"

"वो भी पुड़िया के हैं," डॉक्टर म्हणाले.

परत येताना बसमध्ये तो खिडकीशी बसला. काचेत स्वतःकडे बघत मधून मधून गालाला हात लावत होता, दुसऱ्याची वस्तू चुकून आपल्याकडे आली असावी तसा. मी म्हटलं, दादा, वेळेवर कळलं ते बरं झालं. सांवेर गेलं, शेतं लागली. मग माझ्याकडे न बघता त्याने विचारलं, "शकू, मी तिवारीला काय सांगू? त्याचं मनगट..." ते वाक्य त्याने पुरं केलं नाही. इतक्या वर्षांत मी त्याला खांबावरून पडल्याचं सांगताना पाहिलं होतं, साहेबांशी भांडताना पाहिलं होतं, पण घाबरलेला दादा मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो तिवारीजींकडे गेला आणि सगळं सांगून आला. तिवारीजींचा विश्वास बसला नाही. त्यांचं म्हणणं, या पुडीने मला श्वास दिला, तू कुणाच्या तरी सांगण्यावरून तिला नावं ठेवतोस. दादा रोज जायचा, रोज तेच सांगायचा, ते रोज तेच उत्तर द्यायचे. शेवटी दादाने त्यांना जवळजवळ उचलूनच इंदूरच्या बसमध्ये घातलं. त्यांचा रिपोर्ट दादाच्या रिपोर्टपेक्षा वाईट आला. त्या दिवशी ते परतीच्या बसमध्ये दादापासून लांबच्या सीटवर बसले, आणि त्यानंतर त्यांनी दादाशी बोलणं सोडलं. ओटा रिकामा पडला. त्यांची औषधं दादा तरीही आणून द्यायचा, दाराच्या कडीला पिशवी अडकवायचा आणि यायचा. पिशवी आत जायची, दार काही उघडायचं नाही.

त्याच दिवसांत तो मला घेऊन वैद्यजींकडेही गेला. मला वाटलं होतं मारामारी होणार. वैद्यजी गादीवर बसले होते, समोर दमेकऱ्यांची रांग, सगळ्यांचे गाल भरलेले. दादाने रांग मोडून सगळ्यांसमोर विचारलं, यात काय आहे. शुद्ध जडी-बूटी आहे, ते म्हणाले. दादाने एक पुडी उघडून त्यांच्यापुढे धरली आणि अगदी शांतपणे म्हणाला, "तो एक आप खाइए."

वैद्यजी म्हणाले, "मुझे दमा नहीं है."

रांगेतली काही माणसं दादाच्या मागोमाग बाहेर पडली. सगळी नाही. दादा तिथल्या चहाच्या टपरीवर उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवत राहिला, अंगावरचे डाग दाखवत राहिला, आणि मी बस सुटायला आली म्हणून त्याला ओढून आणलं. पुढे त्याने आरोग्य खात्याकडे तक्रारही केली. वैद्यजींनी त्या गावातलं दुकान हलवलं. कुठे गेले ते कळलं नाही. दादाला त्याची रुखरुख शेवटपर्यंत होती.

पुडी हळूहळू सुटली. दम्यासाठी तोंडात मारायचा फवारा आला, तो दादा सुरुवातीला दार लावून घ्यायचा, पुढे चारचौघांत पिस्तुलासारखा काढायला लागला. गाल उतरले. आता जो भेटेल तो विचारायचा, मुकुंदराव, काय झालं, एकदम उतरलात. आणि दादा दर वेळी त्याला हात धरून थांबवायचा आणि उतरलो नाही, सुधारलो, हे समजावून सांगायचा. ऐकणाऱ्याची बस चुकली तरी त्याला पर्वा नसे. मास्टरकडे जाऊन त्याने नव्याने माप दिलं. मास्टर म्हणाला, बाबूजी, मी कधीपासून बघत होतो, पण ग्राहकाला तू छोटा झालास असं कसं सांगणार.

हाडांसाठी त्याला आठवड्यातून एक गोळी होती. ती रविवारी सकाळी उपाशीपोटी भरपूर पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, चहा नाही, काही खायचं नाही. दादासारख्या माणसाला रविवारच्या सकाळी चहाशिवाय अर्धा तास घरात बसवणं अशक्य होतं. मग तो बाहेर पडायचा आणि लोकांना झोपेतून उठवायचा. स्कूटरवरून नानाखेड्याला माझ्याकडे यायचा, दारात उभा राहायचा, खुर्ची दिली तरी बसायचा नाही. बसलं तरी चालतं असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण उभं राहिल्याने गोळी सरळ खाली जाते असं त्याचं मत होतं. तेवढ्या वेळात मी कॅल्शियम घेतलं का, उन्हात बसले का, चालले का, याची झडती व्हायची. मी पिवळी, तो लाल, त्यामुळे अधिकार त्याचा. टॉवर चौकातही तो पोहे खाणाऱ्या पुरुषांना गाठून सांगायचा, की हा नुसता बायकांचा रोग नाही, टाच तपासून घ्या. प्लेट हातात असल्यामुळे त्यांना पळता यायचं नाही.

आणि मग त्याला बाथरूमचा नाद लागला. त्याच्या लक्षात आलं की माणसं मोडतात ती बाथरूममध्ये. घरात एका जुन्या जाड पाइपचे तुकडे पडले होते. ते कापून, घासून, रंग देऊन त्याने धरायचे दांडे बनवले आणि नातेवाइकांच्या, ओळखीच्यांच्या बाथरूममध्ये ठोकायला सुरुवात केली. विचारायचा नाही. यायचा, भिंत ठोकून बघायचा, ड्रिल लावायचा. नव्या टाइल्स फुटल्या की यजमान चुपचाप बघत राहायचे. दांडा एकदा बसला की त्याला स्वतः लोंबकळून दाखवायचा, आणि वहिनी बाहेरून ओरडायच्या, अहो, तुमची हाडं.

पहिला दांडा मात्र त्याने तिवारीजींकडे बसवला. बोलणं बंद होतं तेव्हाची गोष्ट. दादा ड्रिल घेऊन त्यांच्या दारात जाऊन उभा राहिला. या वेळी दार उघडलं. तिवारीजी बाजूला झाले. दादाची वायर सॉकेटपर्यंत पुरेना, तेव्हा तिवारीजींनी आतून आपला बोर्ड आणून दिला आणि दादा भोकं पाडत होता तोवर त्या एकदा मोडलेल्या हाताने वायर उचलून धरली, ओल्या फरशीला लागू नये म्हणून. काम झालं. तिवारीजींनी दांडा धरून बघितला, थोडी उठबस करून बघितली. मग म्हणाले, "चाय पियोगे?" त्या संध्याकाळी ओट्यावर पुन्हा दोघं दिसले. गाल दोघांचेही बसलेले, पण बसायची जागा तीच.

दादाचं पुढे एकही हाड मोडलं नाही. तिवारीजींचंही नाही.

तेराव्याला घर माणसांनी भरलं होतं. पाहुण्यांमधली म्हातारी मंडळी एकेक करून बाथरूमला जाऊन येत होती आणि बाहेर येऊन दांड्याची तारीफ करत होती, आमच्याकडे पण मुकुंदने असाच लावून दिलाय म्हणून. तिवारीजी कोपऱ्यात बसून होते. जेवले नाहीत. मग उठून तेही आत गेले आणि बराच वेळ बाहेर येईनात. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी दाराशी जाऊन उभी राहिले, आतून नुसता खटखट आवाज येत होता. हाक मारावी की नाही ते मला कळेना... तेवढ्यात कडी निघाली. तिवारीजी बाहेर आले. चेहरा ओला होता, चष्मा हातात होता, आणि दुसऱ्या हातात दादाचा पेचकस होता, खिडकीच्या फळीवर कायम पडलेला असायचा तो. तो त्यांनी माझ्या हातात ठेवला.

"एक पेंच ढीला हो गया था," ते म्हणाले. "कस दिया है."